डोक्याची मागची बाजू

सकाळी सव्वानऊ वाजता सलूनवाल्याच्या उजव्या हातात दाढीचा ब्रश होता, डाव्या खांद्यावर साडेचार महिन्यांची मुलगी होती आणि खुर्चीत तोंडभर फेस लावलेला वायरमन बसला होता. वायरमन आरशातल्या उलट्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "अजून किती?"

"अकरा मिनिटं," सलूनवाला जागच्या जागी डुलत म्हणाला. "अकरा मिनिटं उभी धरायची, मग आडवी. मग तुमची दाढी."

"माझा फेस वाळला."

"पुन्हा लावतो. आपल्याकडं फेसाला काही तोटा नाही."

असं म्हणायला आणि मुलीनं घशातून एक बारीक आवाज काढायला गाठ पडली. सलूनवाल्यानं ब्रश टाकून टॉवेल गाठला, पण दूध टॉवेलच्या आधी पोचलं. ते खांद्यावरून पाठीवर आणि पाठीवरून पट्ट्यात गेलं. मुलगी मोकळी होऊन प्रसन्न हसली. वायरमननं दोन्ही पाय वर घेतले.

मुलीला घरात 'बाईसाहेब' म्हणत. ती आल्यापासून आई-बाप दोघंही हुकमाचे ताबेदार झाले होते. पुढं सलून, मागं एक खोली आणि स्वयंपाकघर, मध्ये एकच दार, असा त्यांचा संसार होता. बायको रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. ती साडेसहाला जायची ती दोन वाजता परतायची. तोवर सलून आणि बाईसाहेब दोन्ही सलूनवाल्याकडे.

बाईसाहेब प्यालेलं दूध सगळं ठेवून घेत नसत. हवं तेवढं ठेवून उरलेलं परत करत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "पोटाच्या वरचं झाकण अजून कच्चं आहे. वजन वाढतंय, मुलगी हसतेय, काळजी करू नका. पाजलं की अर्धा तास उभी धरा." सलूनवाल्यानं सुस्कारा सोडला. तेवढ्यात डॉक्टरांनी मुलीच्या डोक्यामागं हात फिरवला आणि म्हणाले, "डोकं मागून उजवीकडे जरा सपाट झालंय. ही सारखी एकाच बाजूला बघते का?"

"उजवीकडेच बघते."

"मग डावीकडे बघायची सवय लावा. झोपवायचं पाठीवरच, त्यात बदल नाही. जागी असेल तेव्हा जवळ बसून पोटावर ठेवा. बसायला लागली की डोकं येईल जागेवर."

"किती दिवसांत?"

"दिवस नाही हो, महिने."

सलूनवाल्याला हे झेपलं नाही. कुठलंही डोकं वीस मिनिटांत ठीकठाक करणारा माणूस तो. शिवाय डॉक्टरांच्या सूचना एकेक घेतल्या तर सोप्या होत्या. एकत्र केल्या की एकमेकींच्या अंगावर धावून जात. पोटावर ठेवली की दूध बाहेर. म्हणून आधी अर्धा तास उभी. उभ्या उभ्याच तिला झोप लागायची. झोपली की पाठीवर, आणि पाठीवर ठेवली रे ठेवली की मान उजवीकडे. उठली की भूक. या सगळ्यातून पोटावर ठेवायला वेळ उरायचा तो साधारण चार मिनिटांचा, आणि नेमक्या त्या चार मिनिटांत कुणीतरी दारात उभं राहून विचारायचं, "रिकामे आहात का?"

डावीकडे बघायला लावण्यासाठी त्यानं काय काय केलं नाही! खुळखुळा वाजवला, टॉर्च लावला, सलूनमधला आरसा नेऊन ठेवला, स्वतः पलंगावर वाकून डावीकडच्या भिंतीशी तोंड नेलं आणि कोंबडीसारखा आरवला. कोंबडी आरवत नाही, कोंबडा आरवतो, हे बायकोनं नंतर सांगितलं. बाईसाहेब क्षणभर मान वळवून बघत, दुसऱ्याच्या घरच्या समारंभाचे फोटो बघावेत तशा, आणि परत उजवीकडे.

या काळात सलूनवाल्याच्या बोटांना एक खोड लागली. अठरा वर्षांत हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण त्याचं लक्ष केसांकडे. केसांखाली डोकं असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता कंगवा फिरवता फिरवता बोटं आपोआप मागची बाजू चाचपू लागली. आणि काय आश्चर्य, गोल डोकं म्हणून कुणाचं नव्हतं! किराणावाल्याचं एका अंगाला कललेलं, बँकेतल्या कारकुनाच्या डोक्याला मागं चक्क खळगा, बसड्रायव्हरचं वर निमुळतं. प्रत्येक सपाट डोक्यागणिक सलूनवाल्याचा जीव थोडा थोडा भांड्यात पडू लागला. ही सगळी माणसं कामधंद्याला लागली होती, त्यांची लग्नं झाली होती, त्यांना मुलंबाळं होती.

दुपारी बायको चपला काढते न काढते तोच तो म्हणाला, "अगं, आज नऊ डोकी झाली. त्यातली सहा सपाट!"

"त्या सहा जणांना सांगितलंत का तसं?"

"छे, छे."

"सांगूही नका," ती मुलीला घेत म्हणाली. "लोक केस कापायला येतात, रिपोर्ट घ्यायला नाही."

आठवडाभर त्यानं तोंड आवरलं. मग एका सकाळी पावणेआठला हेडमास्तर आले.

हेडमास्तरांच्या हाताखाली सलूनवाला शिकलेला होता. गणितात जेमतेम पास झाला होता. त्यामुळे वस्तरा त्याच्या हातात असला तरी भीती त्यालाच वाटायची. बाईसाहेब आत नुकत्याच झोपल्या होत्या. बाकावर वायरमन पेपर वाचत बसला होता.

"चटकन आवर रे," हेडमास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "शाळेत आज तपासणी आहे. मागून जरा नीट कर. फळ्यावर लिहावं लागतं, मुलांना आपली पाठच जास्त दिसते."

सलूनवाल्यानं कापड बांधलं आणि उजवी बाजू उरकली. मग मधोमध आला आणि त्याची बोटं थबकली. त्यानं पुन्हा हात फिरवला. असं डोकं त्याच्या हाताला अठरा वर्षांत लागलं नव्हतं. मानेपासून थेट वर, उजवीकडून तर रंधा मारल्यासारखं. एवढं सपाट डोकं, आणि माणूस शाळा चालवतो! तोंडी वर्गमूळ काढतो! त्याच्या डोळ्यांसमोर बाईसाहेब चष्मा लावून फळ्यापुढं उभ्या राहिल्या.

"सर," तो म्हणाला, "काय डोकं आहे हो तुमचं!"

हेडमास्तर विनयानं हसले. "सराव लागतो रे, दुसरं काही नाही."

"तसं नाही सर. मागून म्हणतोय मी. काय सपाट आहे! एकदम सपाट! आज कळलं मला, तुम्हाला पाटी का म्हणतात ते!"

बाकावरचा पेपर हळूच खाली आला.

"पाटी?" हेडमास्तर म्हणाले. "कोण म्हणतं?"

"सगळेच... म्हणजे आमच्या वेळी. आता कुठं कोण म्हणतंय."

"म्हणतात की," वायरमन मदतीला धावला. "माझा धाकटा म्हणतो. आज पाटीचा तास आहे, असंच म्हणतो."

"ते मला माहीत आहे," हेडमास्तर म्हणाले. "माझं फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे, म्हणून म्हणतात ते." गणिताचं उत्तर बरोबर आलंय का हे विचारणाऱ्या मुलासारखे ते आरशातून दोघांकडे बघत होते. दोघंही दुसरीकडे बघू लागले.

"मागचा आरसा दाखव."

सलूनवाल्यानं हातातला आरसा मागं धरला. हेडमास्तरांनी उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीत मिळालेलं प्रेमाचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत चाललं होतं. ते उठले आणि गळ्यातल्या कापडासकट बाहेर पडले.

"सर! डावी बाजू राहिली!" सलूनवाला रस्त्यावर येऊन ओरडला. तेवढ्यात आत बाईसाहेबांना ठसका लागला आणि तो माघारी पळाला.

त्या दिवशी हेडमास्तरांनी अख्खी तपासणी साहेबांना पाठ न दाखवता पार पाडली. वर्गात ते आडवे शिरत आणि उलट्या पावलांनी बाहेर पडत. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'मुख्याध्यापक अत्यंत नम्र आहेत.' पण वायरमन नेमका त्याच दिवशी शाळेची घंटा दुरुस्त करायला गेला होता. घंटा दुपारपर्यंत दुरुस्त झाली आणि बातमी तिच्या आधीच वाजली.

संध्याकाळी हेडमास्तरांनी बायकोला विचारलं, "माझं डोकं मागून सपाट आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून तरी आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमचंच डोकं ते."

राहिलेली डावी बाजू तिनं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापून दिली. दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तर टोपी घालू लागले.

शाळेतली मुलं घरी जाऊन बापांची डोकी चाचपू लागली. बाप आरशात बघू लागले. आरशात मागचं दिसत नाही, म्हणून ते सलूनमध्ये येऊ लागले. केस कापायला नव्हे, विचारायला. "खरं सांगा, माझं कसं आहे?" सलूनवाला खोटं बोलायला कचरायचा. तो "तसं चालण्यासारखं आहे" म्हणायचा, आणि माणूस घाम पुसत निघून जायचा. वायरमनला तर डोक्यावर एक केस नव्हता. तो दोन दिवस हिंमत करून तिसऱ्या दिवशी आला, खुर्चीत बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "सांगून टाका एकदाचं."

सलूनवाल्यानं हात फिरवला. "तुमचं गोल आहे. गावात एकच."

त्यानंतर वायरमनबरोबर बोलणं अवघड होऊन बसलं. तो कुणाकडेही सरळ बघेना. आपण बाजूनं चांगले दिसतो असं त्याच्या मनानं घेतलं.

इकडं सलूनचा धंदा बसला. जो तो म्हणे, "मागं हात लावू नका. मागं वाढू द्या." मागं वाढू द्यायला सलून कशाला लागतं? गावातले पुरुष मानेवर केस रुळवत हिंडू लागले आणि सलूनवाला रिकाम्या खुर्चीभोवती मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारू लागला. पंधरा फेऱ्या डावीकडून, पंधरा उजवीकडून. बसायची सोय नव्हती. बसलं की बाईसाहेब रडत, रडल्या की दूध वर येई.

"तुम्हाला लोकांच्या डोक्यात शिरायला कुणी सांगितलं होतं?" बायको म्हणाली. पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता. दिवसभर पन्नास माणसांच्या दंडात सुई खुपसणारी ती बाई मुलीला नुसती उचकी लागली तरी कढईखालचा गॅस बंद न करता धावायची. जेवता जेवता दोघंही ताटावरून उठत, पलंगात डोकावत, मुलगी उजवीकडे मान करून झोपलेली बघत आणि परत येऊन गार अन्न चिवडत.

दहाव्या दिवशी, साडेबाराच्या सुमारास, सलूनच्या दारात काठी वाजली. दारात ऐंशीच्या घरातल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागं टोपी घातलेले हेडमास्तर, शिक्षा व्हायची असलेल्या मुलासारखे. "आई, जाऊ दे ना," ते म्हणत होते.

"तू गप रे सोन्या," बाई म्हणाल्या आणि काठी सलूनवाल्यावर रोखली. "माझ्या पोराच्या डोक्याला नावं ठेवणारा तूच का?"

बाकावर बसलेल्या वायरमननं आपलं डोकं बाजूनं दिसेल असं केलं. सलूनवाल्याच्या खांद्यावर नुकत्याच प्यालेल्या बाईसाहेब होत्या. अजून चौदा मिनिटं बाकी होती. तो डुलत डुलत म्हणाला, "आजी, चुकलं माझं. पण मी नावं नाही ठेवली. मला आनंद झाला होता."

"लोकांचं डोकं सपाट बघून आनंद होतो तुला? आणि हलतोस काय असा? नीट उभा राहा बोलताना!"

"नीट उभा राहिलो की ही दूध काढते."

"दे इकडे. मी धरते, आणि तू नीट उभा राहून बोलणी खा."

नको नको म्हणेपर्यंत आजींनी काठी हेडमास्तरांच्या हातात दिली, मुलगी खांद्यावर घेतली आणि बोलायला सुरुवात केली. "साठीला आला हा. दहा दिवस झाले, रात्रीचं जेवण झालं की माझ्यापुढं येऊन बसतो. आई, तू मला कसं झोपवायचीस? आई, उशी होती का? माझ्या एकटीचंच नाही, शेजारणीच्या पोरानं तिला परगावाहून फोन केला. पन्नास वर्षांचा घोडा! आम्ही काय तुमची डोकी भिंतीवर आपटत होतो?"

एवढ्यात बाईसाहेबांच्या घशातून तो बारीक आवाज आला. सलूनवाला टॉवेल घेऊन झेपावला. उशीर झाला होता. आजींच्या खांद्यावरून पांढरा ओघळ खाली निघाला. आजींनी मान वळवून ओघळ बघितला.

"हासुद्धा असाच होता," त्या हेडमास्तरांकडे हनुवटी करून म्हणाल्या. "धड एक घोट पोटात ठेवील तर शपथ."

"आई!" हेडमास्तर म्हणाले.

त्या एका ओघळानं आजींचा राग कुठल्या कुठं गेला. टॉवेल घेऊन त्या मुलीचं तोंड पुसू लागल्या, आणि पुसता पुसता त्यांचा हात डोक्यामागं गेला. तो तिथंच थांबला. त्यांनी सलूनवाल्याकडे बघितलं. पठ्ठ्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"म्हणून लोकांची डोकी चाचपत होतास होय?"

"डॉक्टर म्हणतात, होईल ठीक. पण ही डावीकडे बघतच नाही आजी. मी कोंबड्यासारखा आरवलो. तरी नाही."

"झोपते कुठं ही? दाखव."

सगळे आत गेले. खोलीत भिंतीला लागून मुलीचा लाकडी पलंग होता. चौदा मिनिटं संपेपर्यंत आजी तिला घेऊन उभ्या राहिल्या, मग अलगद पाठीवर ठेवलं. बाईसाहेबांची मान ताबडतोब उजवीकडे.

"आता तू बाहेर जा आणि रोज करतोस तसं काम कर," आजी म्हणाल्या.

"गिऱ्हाईक कुठाय?"

"कात्री तर आहे ना?"

सलूनवाला बाहेर गेला आणि रिकाम्या खुर्चीवर हवेत कात्री चालवू लागला. वायरमन सरकून बसला. आजी कंबरेवर हात ठेवून मुलीकडे बघत होत्या. कात्रीचा आवाज आला तशी मुलीनं मान आणखी वळवली, डोळे दाराच्या चौकटीवर लावले आणि दोन्ही पाय झाडले.

"ये आत," आजींनी हाक मारली. "वेड्या, उजवी बाजू आवडते म्हणून नाही बघत ती. उजवीकडे दार आहे. ती तुला शोधते."

सलूनवाला कात्री हातात धरून दारातच उभा राहिला. मुलीनं त्याला बघितलं आणि ती तोंडभर हसली. त्यानं कात्री उगाचच एकदा वाजवली.

आजी पलंगाच्या कडेवर टेकल्या. "मी लॉन्ड्रीत इस्त्रीला होते," त्या म्हणाल्या, आणि त्या कुणाकडे बघून बोलत नव्हत्या. "दुकान खाली, आमची खोली वर. हा वर टोपलीत. तासाभरानं धावत वर यायचं, पाजायचं, खांद्यावर घ्यायचं, जरा डोळा लागला की परत खाली. कधीही वर या, हा जिन्याच्या दाराकडे डोळे लावून पडलेला. मी भिंतीवर एक रंगीत चित्र लावलं होतं, त्याला गंमत म्हणून. ढुंकून बघितलं नाही यानं. भिंत काय त्याला पाजायला येणार होती?" त्यांनी चष्मा वर सारला. "डोकं सपाट होतंय हे मला कळत होतं रे. पण खाली कपडे पडलेले असायचे."

हेडमास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. हात आपोआप डोक्यामागं गेला आणि तिथंच राहिला.

शेवटी हेडमास्तर घसा साफ करून म्हणाले, "मग यावर उपाय सरळ आहे. दार उजवीकडे आहे. पलंग उलटा फिरवला की दार डावीकडे येईल. साधी भूमिती."

आजींनी मुलीला उचललं आणि दोघांनी पलंग धरला. खोली एवढीशी. एकीकडे कपाट, दुसरीकडे भिंत. पलंग अर्धा फिरून अडकला. "बाहेर काढून फिरवू आणि परत आत आणू," हेडमास्तर म्हणाले. पलंग दारातून अर्धा बाहेर गेला आणि डोक्याकडची उंच फळी चौकटीत रुतली. ना पुढं, ना मागं. आता सलूनवाला आणि हेडमास्तर सलूनमध्ये, आजी आणि बाईसाहेब आत, मध्ये पलंग. "तिरका करा!" वायरमन बाकावर उभा राहून सांगू लागला. "उचला! आता माझ्याकडं!" त्यांनी तिरका केला. पलंग आणखी रुतला. आतून बाईसाहेबांनी रडायला सुरुवात केली.

"हिला भूक लागली!" आजी ओरडल्या.

"दुधाची बाटली आतच आहे, आजी! ओट्यावर!"

"गॅस पेटत नाही तुझा!"

"दाबून फिरवा!"

अशा वेळी घरातली बाई येते. दोनला पाच कमी असताना बायको सलूनच्या पायरीवर आली. तिनं बघितलं, नवरा आणि टोपी नसलेले हेडमास्तर मुलीच्या पलंगाला दोन बाजूंनी मिठी मारून उभे आहेत, वायरमन बाकावर चढलाय आणि आतून मुलगी रडतेय. तिनं पर्स वायरमनच्या हातात दिली, पलंगाखालून रांगत आत गेली, आजींकडून मुलगी घेतली, तिला छातीशी धरलं आणि मग विचारलं, "हे काय चाललंय?"

सगळ्यांनी एकदम सांगितलं. दार, कात्री, इस्त्री, भूमिती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पलंग होता तसा आत ढकला," ती म्हणाली.

"अगं, पण फिरवायचा आहे तो!"

"ढकला तुम्ही."

ढकलला. तो आला तसाच सुतासारखा परत गेला. मुलगी पिऊन झाली, अर्धा तास उभी धरून झाली, तोवर कुणाला काही बोलायची सोय नव्हती. मग बायकोनं तिला पलंगात ठेवलं. रोज डोकं असायचं तिकडे पाय, पाय असायचे तिकडे डोकं.

सलूनवाला आणि हेडमास्तर पलंगाकडे बघत राहिले. डोक्याकडची फळी उंच होती, म्हणून डोकं तिकडेच असणार, याबद्दल दोघांनाही कधी शंका आली नव्हती.

बाईसाहेबांनी छताकडे बघितलं. उजवीकडे बघितलं, तिथं भिंत होती. मग मान हळूहळू डावीकडे वळली, दार सापडलं आणि चेहरा उजळला.

"तुम्हाला शोधते म्हणे," बायको हळूच म्हणाली. "आणि सकाळी साडेसहाला, मी जाते तेव्हा?"

"तेव्हाही तिकडंच," सलूनवाला म्हणाला. "आपल्याला दार एकच आहे."

बायकोनं मुलीचा झबल्याचा बंद उगाचच पुन्हा बांधला.

दोन-तीन दिवस गेले. दूध अजून येतच होतं. त्याला अजून काही महिने लागणार होते. सलूनही रिकामंच होतं. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर हेडमास्तर आले. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. ते खुर्चीत ताठ बसले.

"कसे कापू, सर? मागं वाढवायचे ना?"

"मशीन लाव. मागून अगदी बारीक."

सलूनवाला घुटमळला. "सर, सगळं दिसेल."

"दिसू दे," हेडमास्तर म्हणाले. "आज सहावीतल्या एका कार्ट्यानं विचारलंच मला, सर, तुमचं डोकं असं कसं? मी सांगितलं त्याला. अख्खा तास गेला. भूमिती राहिली." मग आरशात न बघता म्हणाले, "तास संपल्यावर चार-पाच जण आपापलं डोकं चाचपून बघत होते. पण या वेळी हसत नव्हते कुणी."

सलूनवाल्यानं कापड बांधलं. मशीन सुरू केलं. पहिला पट्टा मानेपासून वर गेला आणि तेवढ्यात आतून बाईसाहेबांनी एक लांब हाक दिली. रडं नव्हतं, नुसती हाक. त्याचा हात थांबला. तो अवघडून म्हणाला, "सर, एकच मिनिट..."

"जा, जा," हेडमास्तर म्हणाले. "वाट बघत असेल."

सलूनवाला आत पळाला. एका मिनिटाची पाच झाली, पाचाची दहा झाली. डोक्यामागं मधोमध एक पट्टा घेऊन, गळ्याला कापड बांधून, हेडमास्तर खुर्चीत बसून राहिले. मान वळवून, दाराकडे बघत.